बायोकेमिस्ट्री घेतलीच आहेस, तर

बायोकेमिस्ट्री मनापासून मागून घेतलेली मुलगी मला क्वचित भेटते. कुणाचं ‘नीट’ थोडक्यात हुकलेलं असतं, कुणाला मायक्रोबायोलॉजीला प्रवेश मिळालेला नसतो, कुणाला घरच्यांनी ‘सायन्स तेवढं सोडू नकोस’ म्हणून बजावलेलं असतं. तूही अशीच आली असशील, तर बाकीच्या सगळ्याजणी आवडीनं आल्यात आणि आपणच तेवढ्या चुकून इथे पडलोय, हे आधी डोक्यातून काढून टाक. तुझ्या शेजारची, पुढच्या बाकावरची, सगळ्यांची तीच गत आहे. बोलून कुणी दाखवत नाही, एवढंच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ‘आधी गोडी लागू दे, मग अभ्यासाला बसते’ असं म्हणत थांबू नकोस गं. गाण्याची, चित्रांची आवड लहानपणीच लागते, कारण ती कानांवर आणि डोळ्यांवर पडत असतात. एन्झाइम कुणाच्या कानांवर पडतं? या विषयाची गोडी लागते ती त्यातला एखादा प्रश्न आपला वाटायला लागल्यावर. प्रश्न छोटा असला तरी चालेल, पण तो तुला सतावणारा हवा. मोटिव्हेशन म्हणून मुली अभ्यासाच्या टेबलासमोर जी वाक्यं चिकटवतात ना, त्यांचा जोर आठवडाभरात ओसरतो. प्रश्न मात्र अख्खी पदवी होईपर्यंत पुरतो, आणि एखादीला जन्मभरही.

तू म्हणशील, ताई, सुरुवातीलाच वीस अमिनो आम्लं रचनांसकट पाठ करायला लावलीत, त्यात कसला आलाय प्रश्न? खरंय तुझं. नुसती घोकलीस तर पेपर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ती उडून जाणार. म्हणून जरा सिकलसेलचा विचार करून बघ. तू विदर्भातली किंवा नंदुरबारकडची असशील तर हा शब्द तुला मी सांगायला नको. आश्रमशाळेत नाहीतर आरोग्य केंद्रात तपासणीचं शिबिर तू पाहिलं असशील, कदाचित तुझंही बोट टोचलं असेल.

आपल्या हिमोग्लोबिनमधल्या बीटा साखळीत 146 अमिनो आम्लं असतात. त्यांतल्या सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्ल असायला हवं. सिकलसेलमध्ये तिथे व्हॅलिन येतं. बदल एवढाच, बाकीची 145 जिथल्या तिथे. पण ग्लुटामिक आम्लावर ऋण भार असतो आणि त्याला पाणी मानवतं. व्हॅलिनवर भारही नाही आणि त्याला पाणीही सोसत नाही. त्यामुळे रक्तातला ऑक्सिजन पेशींना देऊन झाला, की हिमोग्लोबिनचा एक रेणू त्या व्हॅलिनच्या जागी दुसऱ्या रेणूला चिकटतो, त्याला तिसरा, आणि तांबड्या पेशीच्या आत लांबच लांब ताठ दोऱ्या तयार होतात. गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग सिकलसेल असलेल्या पोरीचे हातपाय असे ठणकतात की ती दिवसेंदिवस शाळेत जाऊ शकत नाही. हे सगळं साखळीतल्या एका जागेमुळे.

1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की या रुग्णांचं हिमोग्लोबिन विद्युत क्षेत्रात वेगळ्या गतीनं सरकतं. पुढे काही वर्षांनी केंब्रिजमध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमकं कुठलं अमिनो आम्ल बदललंय ते शोधून काढलं. आजही इलेक्ट्रोफोरेसिसच्या चाचणीत सिकलसेलचा पट्टा वेगळा दिसतो, तो त्या हरवलेल्या ऋण भारामुळेच. आणि आई-वडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारांत एक असते. लग्नाआधी दोघांचीही तपासणी करा, असं आरोग्यसेविका घरोघरी कळवळून सांगतात ते याचसाठी. आता वही उघड आणि ग्लुटामिक आम्लाची आणि व्हॅलिनची रचना शेजारी शेजारी काढ. या दोन्ही तू आता विसरणार नाहीस, पैजेवर सांगते.

प्रश्न सापडण्याची आणखी एक जागा सांगू? तुमच्या घरातली रिपोर्टांची फाइल. आजोबांची साखर तपासायला माणूस घरी येतो, तेव्हा तो रक्त कुठल्या नळीत घेतो ते नीट बघ. साखरेसाठी करड्या टोपणाची नळी असते आणि तिच्यात सोडियम फ्लोराइड घातलेलं असतं. का बरं? कारण रक्त शरीराबाहेर आलं तरी तांबड्या पेशी जिवंतच असतात आणि नळीत बसून साखर खातच राहतात. त्यांच्यात मायटोकाँड्रिया नसतात, त्यामुळे त्यांचा सगळा संसार ग्लायकोलिसिसवर चालतो. लॅबमध्ये पोचेपर्यंत दोन-तीन तास गेले, तर यंत्र जी साखर दाखवेल ती आजोबांच्या अंगातल्या साखरेपेक्षा कमी भरेल. फ्लोराइड नेमकं कुठे आडवं येतं? ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्यांतल्या नवव्या पायरीवरच्या इनोलेज या एन्झाइमला. तू जे नाव रट्टा मारून पाठ केलंस आणि विसरलीस, ते रोज सकाळी गावागावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आजोबांच्या बाजूनं कामाला लावलेलं असतं. त्यातली बारीक गोष्ट अशी, की फ्लोराइडचा पूर्ण परिणाम व्हायला वेळ लागतो, तोवर थोडी साखर जातेच. म्हणून चांगल्या लॅबमध्ये नमुना थंड ठेवतात आणि पेशी लवकर वेगळ्या करतात. हे कळलेली मुलगी त्या लॅबमध्ये नोकरीला लागली, तर तिथल्या रिपोर्टवर मी डोळे मिटून विश्वास ठेवीन.

आणि तीच फाइल पुढे चाळ. ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणून जो एचबीएवनसीचा आकडा येतो, तो तीन महिन्यांचाच का? तर ग्लुकोज हिमोग्लोबिनला आपोआप जाऊन चिकटतं, त्याला कुठलं एन्झाइम लागत नाही, आणि तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. तपासणीच्या आधी चार दिवस आंबा बंद करून काही उपयोग होत नाही, हे आजोबांना तू समजावून सांग. घरात कुणाला तरी समजावता आलं, की तो धडा तुझा झाला.

पाथवेजची भीती सगळ्यांनाच वाटते, तिचंही सांगून टाकते. क्रेब्ज सायकलचं चित्र समोर आलं की पोरी नावं घोकायला लागतात: सायट्रेट, आयसोसायट्रेट, अल्फा कीटोग्लुटरेट. अगं, लोकलचं सगळं टाइमटेबल पाठ करून कुणी प्रवास करत नाही. आपण कुठे चढलो आणि कुठे उतरायचंय ते माहीत असलं की झालं. तसंच इथे कार्बन कुठून आत आला आणि कुठे बाहेर पडला ते बघ. दोन कार्बन आत येतात, दोन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात, आणि मधल्या मध्ये इलेक्ट्रॉन काढून घेतले जातात. ते इलेक्ट्रॉन पुढे कुठे जातात एवढं विचारलंस की एनएडीएच समजतो, एटीपी समजतो, आपण श्वास घेतलेला ऑक्सिजन शेवटी जातो कुठे तेही समजतं. नावं मागाहून आपसूक बसतात. आणि हो, हान्स क्रेब्ज यांनी 1937 मध्ये हा शोधनिबंध ‘नेचर’कडे पाठवला तेव्हा तो तिथे छापला गेला नव्हता. दुसऱ्या नियतकालिकात आला आणि 1953 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एखाद्या टेस्टमध्ये कमी गुण पडले म्हणून दोन दिवस जेवण सोडणाऱ्या मुलींसाठी मुद्दाम सांगतेय हे.

आता प्रॅक्टिकल. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण थिअरीला कंटाळलेल्या कितीतरी मुली मी प्रॅक्टिकलला जाग्या झालेल्या पाहिल्यात, आणि तेच प्रॅक्टिकल बुडवून जर्नल उतरवून काढणाऱ्याही पाहिल्यात. लाळेतल्या अमायलेजचा प्रयोग तुला असेलच. स्टार्चच्या द्रावणात पातळ केलेली लाळ घालायची, 37 अंशांच्या पाण्यात नळी ठेवायची आणि पांढऱ्या टाइलच्या खळग्यांत आयोडीनचा एकेक थेंब आधी मांडून ठेवायचा. दर मिनिटाला नळीतला एक थेंब एका खळग्यात. पहिला खळगा गर्द निळा, पुढचे दोन-तीन जांभळट, मग विटकरी लालसर आणि शेवटी नुसता आयोडीनचा पिवळा. स्टार्चचा मोठा रेणू तुकडे होत होत संपल्याचं तुझ्या डोळ्यांदेखत त्या एका ओळीत लिहिलं जातं. बहुतेक मुली इथे वेळ टिपून घेतात आणि निघून जातात. तू थांब. सरांना विचारून आणखी दोन नळ्या लाव. एकीत नेहमीची लाळ, पण नळी बर्फातच ठेवलेली; दुसरीत उकळून गार केलेली लाळ. दोन्हीकडे रंग निळाच राहील. मग दोन्ही नळ्या कोमट पाण्यात ठेव. बर्फातल्या नळीत काम सुरू होईल, उकळलेलीत कधीच होणार नाही. थंडीनं एन्झाइम मंदावलं होतं, उष्णतेनं त्याची घडीच मोडली. प्रथिनाची घडी म्हणजे काय ही दहा गुणांची टीप त्या दोन नळ्यांत आहे, आणि ती तू स्वतः केलेली असशील.

जर्नलमध्ये ‘तत्त्व’ लिहितानाही एक सवय लाव. पद्धतीला कुणाचं नाव आहे ते बघ आणि तो माणूस कोण होता ते शोध. फॉस्फरस मोजायची फिस्क-सुब्बाराव पद्धत 1925 ची. त्यातले सुब्बाराव म्हणजे आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. हार्वर्डला जाऊन फिस्क यांच्याबरोबर त्यांनी ही पद्धत बसवली, आणि तिच्याच जोरावर स्नायूंमधलं फॉस्फोक्रिएटिन सापडलं. मोजायची चांगली रीत हातात आली की नवं काहीतरी दिसायला लागतं. म्हणून पिपेट नीट धरायला शिकणं हे हलकं काम समजू नकोस.

आणि कमलाबाई सोहोनींचं नाव तुला कुणी सांगितलंय का? नसेल, तर त्याचं मला वाईट वाटतं, कारण आपल्याकडच्या प्रत्येक बायोकेमच्या मुलीला ते शाळेतच कळायला हवं होतं. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. 1933 मध्ये मुंबई विद्यापीठाची बीएस्सी पहिल्या क्रमांकानं झाली आणि तिनं बेंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटकडे, म्हणजे आजच्या आयआयएससीकडे अर्ज केला. वडील तिथेच शिकलेले. संचालक होते सर सी. व्ही. रामन. त्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई तिथे जाऊन ठाम उभ्या राहिल्या, मुलगी म्हणून का नाही याचं कारण विचारलं आणि शेवटी अटींवर प्रवेश मिळवला. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही, काम बघून मग ठरवू, अशी ती अट. वर्षभरानं रामन यांना त्यांचं काम मान्य करावं लागलं आणि त्यानंतर मुलींसाठी त्या संस्थेचं दार उघडलं. आज तिथल्या बायोकेमच्या विभागात बसून पीएचडी करणाऱ्या मुलींना ही जागा कुणीतरी भांडून मिळवून दिलीय.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या, हॉपकिन्स यांच्या विभागात. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी सापडलं. जे प्रथिन इलेक्ट्रॉन पुढे नेतं, ते प्राण्यांत असतं हे ठाऊक होतं. वनस्पतीही त्याच रीतीनं श्वसन करतात, हे त्यातून दिसलं. 1939 मध्ये त्यांना पीएचडी मिळाली, तीही अवघ्या चाळीसेक पानांच्या प्रबंधावर. पण मला त्यांच्याबद्दल सगळ्यात प्रेम वाटतं ते त्यानंतरच्या कामामुळे. परत येऊन, पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना कशावर कामाला लावलं? आपल्या डाळी-कडधान्यांवर, नीरेवर, गरिबाच्या ताटात जे असतं त्यावर. कच्च्या कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक एन्झाइमला अडवणारी प्रथिनं असतात. वालात तर तांबड्या पेशींच्या गुठळ्या करणारंही प्रथिन असतं. नीट शिजवलं की या प्रथिनांची घडी मोडते आणि तेच वाल अंगी लागतात. तुझी आई वाल भिजवते, मोड आणते, सोलते आणि अर्धवट कच्चे कधी वाढत नाही, त्यामागचं रसायन मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत एका मराठी बाईनं आणि तिच्या विद्यार्थ्यांनी मोजून ठेवलंय. नीरेवरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना ती उपयोगी पडेल का, हा त्यामागचा प्रश्न होता. बघ, प्रश्न किती जवळचा आहे.

तू मराठी माध्यमातून आली असशील, तर तुझी खरी अडचण मला ठाऊक आहे. ती बुद्धीची नाही, इंग्रजी पुस्तकाची आहे. लेनिंजरचं जाडजूड पुस्तक बघूनच धसका बसतो. ते पहिल्या पानापासून वाचू नकोस. धड्यातली चित्रं आधी बघ, प्रत्येक चित्राखालच्या चार ओळी वाच, मग ते चित्र पुस्तक मिटून वहीत काढ आणि मोठ्यानं मराठीत समजावून सांग. ऐकायला खोलीतली मैत्रीण चालेल, आई चालेल. जिथे मराठीत अडखळशील, तिथे तुला इंग्रजीतूनही कळलेलं नाही असं समज. उत्तर मात्र इंग्रजीत लिहायचा सराव वेगळा कर, आणि व्याकरण चुकेल म्हणून तोंडी परीक्षेत गप्प बसू नकोस. तिथे समोरचे व्याकरण तपासायला बसलेले नसतात.

आता नोकरीचं खरं खरं सांगते, गोड बोलून फसवणार नाही. नुसत्या बीएस्सी बायोकेमवर चांगली नोकरी मिळणं अवघड आहे. एमएस्सी धरूनच चाल. त्यानंतर औषध आणि लस कंपन्यांच्या गुणवत्ता तपासणीत, मोठ्या डायग्नोस्टिक लॅबमध्ये कामं मिळतात. पगार सुरुवातीला बेताचा असतो. संशोधनाला जायचं असेल तर सीएसआयआर-नेट, गेट यांची तयारी एमएस्सीच्या पहिल्या वर्षापासूनच लागते. जेआरएफ मिळाली तर 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये विद्यावेतन आहे, वर घरभाडं. पीएचडीला पाच वर्षं सहज जातात, आणि त्या काळात घरी लग्नाचा विषय निघणार हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तेव्हा आईबाबांशी आत्ताच बोलायला लाग. शेवटच्या क्षणी रडत सांगण्यापेक्षा आधीपासून थोडं थोडं सांगितलेलं घराला पचतं.

आणि सुट्टीत घरी झोपा काढू नकोस. भारतातल्या विज्ञान अकादमी मिळून दर वर्षी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात, तिचा अर्ज आदल्या वर्षीच करावा लागतो. ती नाही मिळाली तर पुण्याची एनसीएल, एनसीसीएस, खारघरचं ॲक्ट्रेक, नाहीतर तुझ्याच विद्यापीठाचा विभाग, तिथल्या शास्त्रज्ञांना साधं, नेमकं पत्र लिही. त्यांचा एखादा शोधनिबंध वाचून त्यातलं काय कळलं आणि काय नाही कळलं, ते दोन ओळींत लिही. दहांतल्या नऊजणांकडून उत्तर येणार नाही. म्हणून दहा पत्रं लिहायची. खऱ्या लॅबमध्ये सहा आठवडे काढलेस, की हा विषय आपला आहे की नाही ते तुझं तुलाच कळेल, आणि नाही कळलं तर विषय बदलायलाही तू मोकळी आहेस. मी तुला अडवणार नाही. फक्त हात न लावता, नुसत्या नोट्सच्या झेरॉक्सवरून या विषयाला नको म्हणू नकोस.

या आठवड्यात एवढं कर. वहीच्या शेवटच्या पानावर तुझा एक प्रश्न लिही. दुधाचं दही एका घरात आंबट आणि दुसऱ्या घरात गोड का लागतं, तुझ्या भावाला दूध का पचत नाही, काहीही. पुढच्या प्रॅक्टिकलला तो मॅडमना विचार. त्यांना वेळ नसेल तर लायब्ररीत बस. तिथेही उत्तर सापडलं नाही, तर मला पत्र टाक, मी नक्की उत्तर देईन.